पिवळ्या खडूचं शेपूट

आमच्या सरांच्या शर्टाच्या डाव्या खिशात पांढरा खडू असायचा आणि उजव्या खिशात पिवळा. दोन खिशांचा शर्ट हल्ली कोण शिवून घेतंय? पण सर घ्यायचे, आणि ते केवळ या खडूंसाठी. जे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय ते फळ्यावर पांढऱ्यानं काढायचं, जे नुसतं पुस्तकात वाचलंय ते पिवळ्यानं. झुरळ पांढरं, बेडूक पांढरा, गांडूळ पांढरं. देवमासा पिवळा. एकदा मागच्या बाकावरनं कुणीतरी ओरडलं, "सर, डायनासोर कुठल्या खडूनं?" सर फळ्याकडं तोंड ठेवूनच म्हणाले, "तुझ्या आज्यानं बघितला असला तर त्येला बोलव. पांढरा खडू त्येच्याच हातात देतो. ज्यानं बघितलंय त्यानं काढायचं."

मी उचगावचा, सर गडमुडशिंगीचे, कॉलेज कोल्हापुरात. बी.एस्सी.ला मी प्राणिशास्त्र घेतलं ते काही प्राण्यांच्या मायेपोटी नव्हे. टक्के तेवढेच पडले होते. आज मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फौंड्रीच्या लॅबमध्ये बसतो आणि ओतीव लोखंडाचे तुकडे घासूनपुसून मायक्रोस्कोपखाली बघतो. "बेडूक फाडाय शिकलास आन् लोखंड बघाय लागलास व्हय रं!" असं आमचे वडील अजून चारचौघांत ऐकवतात. ऐकवू देत. नळीला डोळा लावून गप बसायला मला ज्या माणसानं शिकवलं, त्यांचा विषय निघाला की माझी जेवणाची सुट्टी संपते आणि डबा तसाच राहतो.

सरांचा सगळा जीव एका बरणीत होता. म्युझियमच्या कपाटात, फॉर्मॅलिनमध्ये, उकडून विसरलेल्या बटाट्यासारखं काहीतरी. वर दोन तोंडं. त्याचं नाव हर्डमानिया. पोरांनी सरांनाही तेच नाव ठेवलं होतं आणि सरांना ते पक्कं माहीत होतं. हा प्राणी समुद्रात खडकाला चिकटून बसतो, एका तोंडानं पाणी आत घेतो, गाळून त्यातलं खातो, दुसऱ्या तोंडानं बाहेर सोडतो. कुणी दाबलं तर अंगावर चूळ उडवतो. आयुष्यभराचा उद्योग एवढाच. त्यामुळं सर त्याला आणि त्याच्या सगळ्या जातभाईंना सरळ 'पिचकारी' म्हणायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी ती बरणी आणून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "उठा. नमस्कार करा. भावकीतली हायत आपल्या."

आम्ही हसलो. सर हसले नाहीत.

"हसू नका. ह्येंच्या वर्गीकरणाची गोष्ट ऐका. आधीच्या लोकांनी हे ध्यान बघितलं. हात न्हाय, पाय न्हाय, कणा न्हाय, अंगाभोवती जाड पिशवी. बसवलं नेऊन शिंपल्याकालवांच्या घरात. लई वर्षं बिचारं तिथंच ऱ्हायलं. मग कुणाला तरी त्याचं पिल्लू दिसलं. तर ते कसलं? बेडकाच्या पिल्लागत! शेपूट हाय, शेपटातनं आधाराची दोरी गेल्या. आईच्या पोटात हुतास तवा तुझ्याबी पाठीत तसलीच दोरी हुती, माझ्याबी. वर मज्जारज्जू हाय, डोळ्याचा ठिपका हाय, झकास पोहतंय. मग खडक गाठतंय, डोकं टेकून चिकटतंय, आन् शेपूट, दोरी, मज्जारज्जू, सगळं आत ओढून पचवून टाकतंय. मागं ऱ्हातंय काय? पिशवी. पर बघणाऱ्यानं पिल्लू बघितलं हुतं न्हवं? मग शिंपल्याच्या घरातनं उठवलं आन् पाठीत दोरी असणाऱ्यांच्यात आणून बसवलं. आपल्यात. दोरी नुसती शेपटात, म्हणून चूल वेगळी दिली. पर भावकी आपलीच."

आणि मग टेबलावर थाप मारून ते वाक्य, जे पुढं तीन वर्षं आम्ही ऐकलं: "वर्ग ठरवायचा तर पिल्लू बघून ठरवा. थोरली झाल्यावर काय, सगळीच पिशव्या हुत्यात!"

हे वर्गापुरतं असतं तर ठीक होतं. सर बाहेरही माणसांचं वर्गीकरण याच रीतीनं करायचे. बँकेतला खेकसणारा कॅशिअर असो की भाजीवाली, सरांचा प्रश्न ठरलेला: "लहानपणी काय करत हुतासा?" निम्मी माणसं चक्रावायची. निम्मी मात्र सांगायला लागायची आणि रांग तुंबायची.

माझ्या थोरल्या बहिणीच्या सोयरीकीची बैठक आमच्या घरी होती. शिकलेला माणूस म्हणून वडिलांनी सरांना मानानं बोलावलं. कांदेपोहे झाले. पाव्हणे शेती सांगत होते, आमचे वडील पगार विचारत होते, मामा मुलाच्या गाडीचं मॉडेल बघून आले होते. एवढ्यात सरांनी मुलाच्या आईला विचारलं, "वैनी, ह्यो लहानपणी काय करायचा?"

बैठक गार पडली. ती माउली घाबरून म्हणाली, "काय न्हाय वो. पाव्हणं आलं की त्येंच्या चपला जोडीजोडीनं लावून ठेवायचा. उंबऱ्यातच बसायचा खेळत."

"ठरवून टाका," सर म्हणाले आणि चहाचा कप उचलला.

वडिलांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "मास्तर, पगार तर सांगू दे की त्यास्नी!" सर शांतपणे म्हणाले, "पगार काय, वाढतोय, कमी हुतोय. माझ्या सोयरीकीतबी मी ह्येच इचारलं हुतं. सासूबाई म्हणाल्या, पोरगी लई वाकून बघती. दिसंल त्यात वाकती. दोनदा हिरीत पडल्या. मी म्हटलं, झालं, हीच." सगळी हसली, आणि हसण्याच्या भरात सोयरीक जमूनही गेली. बहिणीचं बरं चाललंय. तिच्या घरी कधी गेलात तर उंबऱ्याबाहेर चपला बघा, अजून जोडीनं असतात.

सरांची आणखी एक रीत होती. मायक्रोस्कोपात काही बघण्यासारखं आलं की आधी पोरं. सर स्लाइड लावायचे, नीट दिसतंय एवढं बघायचे आणि बाजूला व्हायचे. "मास्तरानं शेवटी. पंगतीत वाढपी शेवटीच जेवतोय." आम्ही एकेक जण डोळा लावणार, स्लाइड ढकलणार, कुणीतरी भिंग काचेवर आपटणार. सरांची पाळी येईपर्यंत थेंब वाळलेला. तरी ते डोळा लावायचे आणि म्हणायचे, "व्हय की. हुतं म्हणायचं हितं."

आता मूळ गोष्ट. पिचकारीच्या जन्मकथेचं चित्र सर फळ्यावर काढायचे त्यात पिल्लू पांढरं असायचं, कारण त्याची तयार स्लाइड त्यांनी बघितली होती. थोरली पिशवी पांढरी, ती तर बरणीतच होती. पण मधलं, शेपूट आत जातानाचं, ते पिवळं. समुद्र घाटाखाली आणि सर घाटावर. सहलीत पोरं सांभाळता सांभाळता त्यांचा दिवस जायचा. बादलीतनं काही आणलंच तर घाट चढेपर्यंत ते मरून वास मारायचं. तीस-बत्तीस वर्षं सरांनी ते शेपूट पिवळ्यानं काढलं. तेवढ्या भागापुरता त्यांचा आवाजही खाली यायचा.

आमचं शेवटचं वर्ष आणि सरांच्या नोकरीचंही शेवटचंच. सगळा पोर्शन झाला, पण पिचकारीचा तो एक तास सर पुढं पुढं ढकलत राहिले. आज पेपर तपासायचेत, उद्या मीटिंग हाय. मी एकदा स्कूटरच्या स्टँडपाशी गाठून विचारलंच. सर आधी किक मारत राहिले. मग म्हणाले, "एकदा तरी ते शेपूट पांढऱ्यानं काढायचंय लेका. मग खुशाल घरात बसतो."

मला गप बसवेना. आमच्या गल्लीतले रफिकचाचा टेम्पोतनं गूळभाजी रत्नागिरीला न्यायचे आणि येताना मासे आणायचे. त्यांना गाठलं. "सरांना नेऊ की," चाचा म्हणाले, "माझं पोरगं त्येंच्याच हाताखालनं पास झालंय. कसं झालं ते अल्लालाच ठाऊक."

बंदराच्या धक्क्याला जुने टायर लटकवलेले असतात. त्यावर सरांना पाहिजे होती ती पिचकारी सापडली. हर्डमानिया नव्हे, तिची बारकी चुलत बहीण. शेकड्यानं एकमेकींना चिकटून राहणारी, नारिंगी. सर पोटावर आडवे पडून टायरावरनं तुकडे सोडवत होते आणि कोळ्यांची पोरं हा कोण म्हातारा म्हणून गोळा झाली होती. "ही जात पिल्लं पोटात वाढवती," सर मला सांगत होते. "अंधारात ठेवायची. मग एकदम उजेडात आणली की पिल्लं भाइर सोडती. म्हणून तर किटली आणल्या."

ती किटली काकूंची, म्हणजे सरांच्या बायकोची. सरांच्या घरी दोन म्हशी होत्या, त्यांचं सगळं काकू बघायच्या, आणि रोज डेअरीला दूध घालायची ती घट्ट झाकणाची ॲल्युमिनियमची किटली सरांनी मागून आणली होती. घाटभर ती मांडीवर घेऊन सर मागं माशांच्या क्रेटमध्ये बसले. चाचा ओरडत होते, "सर, पुढं बसा की! किटली काय पळून जाती व्हय?" सर मागनं ओरडले, "पळायची न्हाय, पर हादरा बसतोय तिला!"

सकाळी गडमुडशिंगीत पोचलो तेव्हा काकू धारा काढून गोठ्यातनं येत होत्या. सरांच्या अंगाचा माशांचा वास त्यांना लांबूनच आला असणार. "आधी आंघोळ," त्या म्हणाल्या. सरांनी ऐकलं नाही. ओसरीवर काचेची हंडी तयार होती, तीत समुद्राचं पाणी ओतलं, तुकडे ठेवले. एक तुकडा मावेना, तो किटलीतच ठेवून झाकण लावलं. मायक्रोस्कोप कॉलेजात. तो आणायला आम्ही दोघं स्कूटरवरनं निघालो. निघताना सरांनी बजावलं, "हंडीला कुणी हात लावायचा न्हाय." सगळं सांगितलं. नेमकं जे सांगायला पाहिजे होतं ते काही कुणाच्या डोक्यात आलं नाही.

परत आलो. मायक्रोस्कोप माझ्या मांडीवर लेकरासारखा. ओसरीवर बघतो तर हंडी पांढरीशुभ्र.

"अहो, पिल्लं झाली!" काकू आनंदानं पुढं आल्या. "ऊन आलं आन् बारकी बारकी वळवळत भाइर पडली बघा. पर आई दगडागत गप. चाटंना, पाजंना. म्हटलं कोवळी पिल्लं, उपाशी मरत्यात का काय. धारेचं निरसं दूध हुतं, घातलं दोन वाट्या."

माझं डोकं असं सणकलं म्हणता! रत्नागिरी, घाट, माशांचा वास, आणि शेवटी हे? तोंडातनं काही जाऊ नये म्हणून मी मायक्रोस्कोप खाली ठेवायच्या निमित्तानं पाठ फिरवली. सर हंडीजवळ गेले. वाकून बघितलं. त्या पांढऱ्यात काय दिसणार कपाळ?

"साखर घातली न्हाईस न्हवं?" सरांनी विचारलं.

"न्हाय बा," काकू म्हणाल्या, आणि मग त्यांनी सरांचं तोंड नीट बघितलं. "काय चुकलं व्हय?"

"काय न्हाय. ती खात न्हाईत गं. तोंडच उघडलेलं नसतंय त्येंचं. आईनं दिलेल्या शिदोरीवर जगत्यात, पुढं शेपूटबी पचवत्यात."

काकू मटकन पायरीवर बसल्या. पदर तोंडाला लावला. सर रिटायर व्हायच्या आधी काय करायला बघत होते हे घरात त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. "माझ्या हातानंच इस्कोट झाला की वो," एवढंच म्हणत राहिल्या. सर शेजारी बसले. खिशातला पिवळा खडू काढून नुसता फिरवत राहिले.

मग काकूच एकदम उठल्या. "किटलीत एक हाय की अजून! आता घासाय घेणार हुतो, तेवढ्यात तुम्ही आलासा. झाकण उघडलेलं न्हाय मी."

सरांनी तो तुकडा आणि किटलीतलं उरलेलं पाणी काचेच्या वाडग्यात घेतलं आणि अंगणात उन्हाला ठेवलं. काकू लांब दारात जाऊन उभ्या राहिल्या, हात पाठीमागं धरून. "मी न्हाय येत जवळ. परत काय तरी घालीन." आम्ही दोघं वाडग्यावर माश्या हाकत बसलो. बऱ्याच वेळानं सरांनी माझं मनगट घट्ट धरलं. पाण्यात एक बारका स्वल्पविराम पोहत होता. मग आणखी चार-सहा.

सरांनी ड्रॉपरनं एक अलगद उचललं, खळग्याच्या काचेवर सोडलं, नळीला डोळा लावला. मी मोबाईलचा कॅमेरा चालू करून तयार. पिल्लू भिरभिरत होतं. सर कितीतरी वेळ हलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "टेकलं. डोकं टेकलं बघ." आणि डोळा काढला.

"सर, तुम्ही बघा," मी म्हणालो, "काढू नका डोळा!"

सर दाराकडं बघत होते. "अगं, ये."

"मी? नको. मी आपला इस्कोट करतो आन्..."

"ये म्हणतोय न्हवं?"

काकू हात पुसत आल्या. वाकल्या. नको तो डोळा मिटला. सर म्हणाले, "दुसरा मीट." त्यांनी दुसरा मिटला, आणि मग त्या काही उठेचनात.

"अगं बाई! डोळा हाय की वो ह्येला, काळा ठिपका. शेपूट फडफडवाय लागलंय. थांबलं. थांबलं बघा आता." काकू आणखी वाकल्या. "आखडाय लागलं! अहो, आखडाय लागलं!"

मी मोबाईल हातात धरून उभा, पण नळीवर काकूंचा डोळा. मी म्हणालो, "सर..." सरांनी ओठावर बोट ठेवलं. ते काकूंच्या मागं उभे होते, आणि नळीकडं न बघता काकूंकडंच बघत होते.

"कमरंला पदर खोचावा तसं आत घेतंय बघा. जरा खोचलं, थांबलं. परत खोचलं. आता एवढंच ऱ्हायलं. एवढंच... खोचलं! संपलं की वो!" काकूंनी तोंड वर काढलं. डोळ्याभोवती नळीचा गोल उमटलेला, आणि चेहरा असा, की हीच बाई मघाशी पायरीवर रडत होती हे सांगून खरं वाटलं नसतं. "बघा की आता तुम्ही!"

सरांनी डोळा लावला. लावून बराच वेळ बघत राहिले.

"कसं हाय?" मी विचारलं.

"पिशवी हाय," सर म्हणाले.

मी वाडग्याकडं धावलो. बाकीच्या पिल्लांनी तोवर काचेला डोकी टेकून, शेपटं आत घेऊन आपापला कारभार उरकला होता. समुद्रातल्या पोरांना घाई फार. जे काही शिल्लक होते ते सगळे ठिपके.

मला स्कूटरवर बसवून सर मायक्रोस्कोप परत करायला निघाले, तेव्हा मी भडकलोच. "सर, काकूंना जरा उठवायचं की! एक मिनिट! एवढी वर्षं थांबून ऐनवेळी असं करतंय व्हय कुणी?"

उचगावच्या पुलाजवळ सर म्हणाले, "सासूबाई खोटं बोलल्या न्हवत्या बघ. घरात आल्यापासनं ती शेणात, धारंत आन् डब्यात. वाकून बघताना मी तिला कधी बघितलीच न्हवती. आज वाकली." मग गिअर बदलून म्हणाले, "वाकलेलीला उठ म्हणू?"

पण खरं सांगतो, माझा राग गेला नव्हता. ते शेपूट पिवळंच राहणार याचं मलाच जास्त लागलं होतं.

पिचकारीचा तास अखेर झाला. तो सरांचा शेवटचा तास, त्यामुळं दुसऱ्या वर्गातली पोरंही येऊन खिडकीत बसली होती. सरांनी डावीकडं पांढऱ्या खडूनं पिल्लू काढलं. शेपटातली दोरी, डोळ्याचा ठिपका, सगळं. उजवीकडं पांढऱ्यानं पिशवी काढली, दोन तोंडांची. मध्ये जागा रिकामी. सरांचा हात उजव्या खिशाकडं गेला. मी मान खाली घातली.

हात तसाच रिकामा बाहेर आला. सर दाराकडं वळून म्हणाले, "ये गं आत."

दारात काकू उभ्या होत्या. लग्नाकार्याचं लुगडं, डोईवर पदर, हातात पिशवी.

"ह्येंनी बघितलंय," सर आम्हाला म्हणाले. "ज्यानं बघितलंय त्यानं काढायचं." आणि पांढरा खडू त्यांच्यापुढं धरला.

"मला न्हाय बा येत असलं."

"बघितलंस न्हवं?"

"बघितलं की."

"मग काढ."

काकूंनी पिशवी टेबलावर, बरणीशेजारी ठेवली. खडू घेतला, फुगडीला उभं राहावं तसा पदर कमरेला खोचला आणि फळ्याजवळ गेल्या. पहिली रेघ वाकडी आली, ती तळहातानं पुसली. मग वाकून, नाक फळ्याला लागतंय का काय इतक्या जवळनं, काढायला लागल्या. "हितं डोकं टेकलं. मग जरा वेळ काय केलं न्हाय त्यानं. मग बघा, हितनं खोचाय लागलं..."

सर बाकांमधनं चालत शेवटच्या बाकावर आले आणि "सरक," म्हणून माझ्याशेजारी बसले. माझ्या हातातलं पेन काढून घेतलं, माझीच वही पुढं ओढली.

"अगं, जरा सावकाश काढ," ते मागनं ओरडले. "उतरून घ्याय लागलोय मी."